‘सेव्ह करायला विसरलास’ हे वाक्य आता बंद करा

ऊस नोंदीतली दुरुस्ती उतरलीच नाही, दूध संस्थेच्या सभासदाचा बँक खाते क्रमांक जुनाच राहिला, पतसंस्थेच्या ठेवीवर वारसाचं नाव बदललंच नाही. असं काही उघडकीला आलं की चौकशी होते आणि ती ठरलेल्या वाक्यापाशी थांबते: ‘ऑपरेटर सेव्ह करायला विसरला.’ सॉफ्टवेअर देणारे हे वाक्य म्हणतात, संस्थेचे पदाधिकारी ते मान्य करतात आणि काउंटरवर बसणारी मुलगी किंवा मुलगा मान खाली घालून ऐकून घेतो. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा घडतं.

मी असे फॉर्म लिहिणाऱ्यांपैकीच आहे आणि हे वाक्य मला मान्य नाही. फॉर्मनं नोंद उघडली तेव्हा रकान्यात काय होतं हे त्याला ठाऊक असतं. आता पडद्यावर काय आहे हेही ठाऊक असतं. मधे सेव्ह झालं की नाही, हे तर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच नक्की सांगता येत नाही. एवढी सगळी माहिती हातात असताना जो फॉर्म बदललेली नोंद गुपचूप बंद होऊ देतो, त्याचा दोष माणसाच्या माथी मारणं हा अन्याय आहे. बरं, हा अन्याय नेहमी सर्वांत कमी पगाराच्या माणसावर होतो.

कोडोलीसारख्या गावात हा विषय संगणकवाल्यांपुरता राहत नाही. पन्हाळा तालुक्यातलं हे गाव वारणानगरला लागून आहे आणि हा सगळा पट्टा ऊस आणि दूध यांवर चालतो. लागण झाली की शेतकरी नोंद देतो: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, आणि खोडवा असेल तर आधीचा ऊस तुटल्याची तारीख. यात लागणीच्या तारखेला फार वजन आहे. आडसाली लागण साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. तोडणीचा प्रोग्राम या तारखेवरून लागतो. जुलैची लागण ऑक्टोबरची म्हणून नोंदली गेली, तर टोळी यायची वेळच पुढे सरकते. उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं आणि रानात पुढचं पीक घ्यायलाही उशीर होतो.

आता दुरुस्ती कशी होते ते बघा. शेतकरी काउंटरपुढे उभा राहतो. ‘साहेब, लागण जुलैची हाय, ऑक्टोबरची न्हवं.’ मुलगा नोंद उघडतो, तारीख बदलतो. तेवढ्यात आतून हाक येते किंवा मागचा माणूस विचारतो, ‘माझं बिल कधी निघणार?’ त्याला उत्तर द्यायला मुलगा त्याच पडद्यावर दुसरा सभासद नंबर टाकतो. पहिली नोंद निघून जाते, तिच्याबरोबर बदललेली तारीखही जाते, आणि पडदा चकार शब्द काढत नाही. शेतकऱ्यानं मात्र नवी तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. काम झालं म्हणून तो घरी जातो. ते झालं नव्हतं हे त्याला पुढच्या हंगामात कळतं, शेजारच्या रानात कोयते लागतात आणि त्याच्या रानात लागत नाहीत तेव्हा.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते शिस्तीचं. माणसानं हातातलं काम पुरं करावं, मग दुसरीकडे वळावं. ऐकायला रास्त वाटतं. पण काउंटरचं काम मुळातच तुकड्यातुकड्यांनी चालतं. समोर रांग आहे, फोन आहे, अधूनमधून वीज जाते, नेटवर्क जातं. ज्या कामात व्यत्यय हाच नियम आहे, त्या कामासाठी बनवलेली वस्तू व्यत्यय येणारच हे धरून बनवावी लागते. जो फॉर्म अखंड लक्षाची अट घालतो, तो या काउंटरसाठी बनलेलाच नाही. तो बनवणाऱ्याच्या शांत खोलीसाठी बनलेला आहे.

‘आपली माणसं अजून संगणकाला सरावलेली नाहीत’ असंही सांगितलं जातं. इतर कुठे कोणी म्हणेल तर म्हणो, वारणेच्या काठावर हे कोणी म्हणू नये. १९९८ मध्ये, पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकारानं, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा सहकारी समूह यांनी मिळून इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेच्या आसपासची ७० गावं त्यात धरली होती. गावागावांत संगणक केंद्रं बसली. ऊस नोंद, तोडणी, टनेज, खतांची उचल, बिलं ही कामं तिथे होऊ लागली. देशातल्या बहुतेक खेड्यांनी संगणक पाहिलाही नव्हता तेव्हा या पट्ट्यातली पोरं पडद्यावर सभासदांच्या नोंदी भरत होती. त्याला पाव शतक उलटून गेलं. त्या पिढीची मुलं आता काउंटरवर बसतात. सराव नाही ही सबब मेलेली आहे.

त्याच प्रकल्पाचा पुढचा भाग मला या वादात फार महत्त्वाचा वाटतो. २००६–०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू इथल्या संशोधन विभागातल्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी सात गावांत एक प्रयोग केला. केंद्रातला संगणक काढून त्याची कामं साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं करून बघितली. आठ महिने तो चालला आणि संगणकाची कामं एसएमएसनं होतात असं दिसलं. खर्च वाचतो म्हणून तो गाजला. मला त्यातलं वेगळंच दिसतं. एसएमएस एक तर जातो किंवा जात नाही, आणि गेला तर पलीकडून उत्तर येतं. बदललं आहे पण पोचलं नाही, अशी मधली अवस्था तिथे माणसाला फसवत नाही. ती अवस्था मोठ्या पडद्यावरच्या देखण्या फॉर्मनं जन्माला घातली. मग तिचा सांभाळही फॉर्मनंच केला पाहिजे.

इथवर ऐकल्यावर समोरचा प्रोग्रामर म्हणतो, ‘अहो, आम्ही विचारतो की! फॉर्म बंद करताना प्रत्येक वेळी प्रश्न येतो: बदल सेव्ह करायचे का?’ प्रत्येक वेळी. नेमकं तिथेच बिघडतं. काउंटरवर दिवसभरात उघडल्या जाणाऱ्या नोंदींपैकी बहुतेक नुसत्या बघायला उघडलेल्या असतात. कोणाला टनेज सांगायचं असतं, कोणाला खात्याचा शेवटचा आकडा. काहीही न बदलता प्रश्न येत राहिला की बोट आपोआप ‘नाही’वर जातं. ती सवय फॉर्मनंच लावलेली असते. आणि मग ज्या एका नोंदीत खरोखर तारीख बदललेली आहे, तिथेही बोट ‘नाही’वरच पडतं. खोटा इशारा देणारा फॉर्म हा इशारा न देणाऱ्या फॉर्मपेक्षा वाईट आहे, कारण तो काळजी घेतल्याचा पुरावा तयार करतो. उद्या वाद झाला तर प्रोग्रामर सांगायला मोकळा: आम्ही विचारलं होतं.

तेव्हा माझी मागणी विचारण्याची नाही, ओळखण्याची आहे. बदल झाला असेल तरच बोलावं आणि काय बदललं ते सांगावं. हे कसं करायचं यावर मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण ‘अवघड आहे’ हा आक्षेप याच ठिकाणी येतो आणि त्यात थोडं तथ्यही आहे.

सोपी म्हणून बहुतेक जण धरतात ती वाट अशी: कुठल्याही रकान्यात काही टंकलं गेलं की एक खूण लावायची, बंद करताना खूण बघायची. ही खूण फार लवकर खोटी ठरते. मुलानं तारीख बदलली, चूक लक्षात आली, जुनी तारीख परत घातली. नोंद होती तशीच आहे, पण खूण लागलेली आहे. त्याहून वाईट म्हणजे नोंद उघडताना फॉर्म स्वतःच रकाने भरतो, गावाची यादी, जातीची यादी लावतो, आणि त्या भरण्यालाच ‘बदल’ समजून खूण लावून घेतो. माणसानं कीबोर्डला हातही लावलेला नसतो.

खरी रीत ऊस वाहतूक करणाऱ्या कोणालाही समजेल. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर जातो, खाली होऊन पुन्हा काट्यावर येतो, दोन वजनांची वजाबाकी म्हणजे ऊस. नोंद उघडताच प्रत्येक रकान्याची प्रत बाजूला काढून ठेवायची, बंद करताना आताची किंमत तिच्याशी लावून बघायची. फरक असेल तर बदल, नसेल तर नाही. मधे कितीदा टंकलं, कितीदा पुसलं याच्याशी कर्तव्य नाही.

पण दोन किमती सारख्या कधी म्हणायच्या? आपल्याकडच्या नोंदींत ही मोठी मेख आहे आणि परदेशी पुस्तकं वाचून फॉर्म लिहिणारे इथे हमखास अडखळतात. क्षेत्राच्या रकान्यात ०.४ आणि ०.४० हे एकच आहे. मजकूर म्हणून लावून बघितलं तर वेगळं निघतं. कोणी आकडे देवनागरीत टंकतो, कोणी रोमनमध्ये; शेतकऱ्याच्या लेखी ते तेच चाळीस आर. डेटाबेसमध्ये ‘काहीच नाही’ असलेला मोबाइल नंबर फॉर्मवर रिकाम्या मजकुरासारखा दिसतो, आणि परत घेताना यंत्र त्या दोघांत फरक काढतं. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या फायलींत आडनावाचा रकाना ठरावीक लांबीचा असतो, ‘पाटील’च्या मागे कोऱ्या जागा भरलेल्या असतात, फॉर्मनं त्या छाटल्या की लगेच ‘बदल’.

आणि मराठी अक्षरं! पलीकडच्या कऱ्हाडचं नाव घ्या. त्यातला अर्धा र तीन रीतींनी साठवला जाऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, र आणि त्याला नुक्ता अशी दोन चिन्हं वापरून, किंवा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही नावं एकसारखी दिसतात. युनिकोडनं नेमून दिलेलं प्रमाणीकरण पहिल्या दोन रीती एक करतं, तिसरीला हात लावत नाही. तो नियम फॉर्म लिहिणाऱ्यालाच घालावा लागतो. आपल्या जुन्या याद्या तर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेल्या, मागाहून युनिकोडमध्ये आणलेल्या. त्यात अशा अदृश्य खुणा जागोजागी उरलेल्या असतात. मराठी नावांवर चालणारा फॉर्म मराठीतच तपासून घ्यावा लागतो, आणि ते काम कोणी परगावचा माणूस आपल्यासाठी करणार नाही.

हे सगळं निस्तरणं कष्टाचं आहे, मान्य. पण अवघड म्हणून सोडून द्यावं असं यात काय आहे? रकान्याच्या प्रकाराप्रमाणे तुलनेचा नियम एकदा लिहायचा: आकडा आकड्याशी, तारीख तारखेशी, नाव प्रमाणित करून नावाशी, रिकामं रिकाम्याशी. तो सगळ्या फॉर्मना पुरतो.

यात एक धोका असा आहे की तो कळल्यावर मी हा विषय सोडूच शकलो नाही. तारीख निवडण्याच्या काही तयार रकान्यांना रिकामं राहताच येत नाही. नोंदीत तारीख नसेल तर ते आजची तारीख दाखवतात. खोडव्याच्या नोंदीत तुटल्याची तारीख भरायची राहिलेली आहे. कोणीतरी फक्त मोबाइल नंबर दुरुस्त करायला ती नोंद उघडतो, सेव्ह करतो, आणि आजची तारीख तोडणीची तारीख म्हणून कायम होते. तिच्यापुढे दुरुस्ती करणाऱ्याचं नाव उमटतं. त्यानं तो रकाना पाहिलाही नव्हता. रकानावार तुलना करणारा फॉर्म इथे सेव्ह करण्याआधी म्हणाला असता: मोबाइल नंबर बदलला आहे, आणि तुटल्याची तारीखही बदलते आहे, हे बरोबर आहे का? म्हणजे बदल ओळखणं हे हरवणाऱ्या दुरुस्तीपुरतं नाही. न केलेला बदल नोंदीत घुसू नये यासाठीही तेच लागतं. आणि काहीच बदललेलं नसताना सेव्हचं बटन दाबलं गेलं, तर डेटाबेसला हात लागू नये. नाहीतर दुसऱ्याच्या नोंदीवर आपलं नाव आणि वेळ चिकटते आणि पुढच्या चौकशीत आपल्याला उत्तरं द्यावी लागतात.

‘आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे शक्य नाही’ असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. सहकारी संस्थांमध्ये एक काळ फॉक्सप्रोचा होता. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये फॉक्स कंपनी घेतली आणि १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो आणलं. त्यात गेटफिल्डस्टेट, ओल्डव्हॅल आणि कर्व्हॅल अशी तयार साधनं होती. पहिलं रकान्यावर बदल झाला का ते सांगे. दुसरं, उघडताना तिथे काय होतं ते. तिसरं, या क्षणी मूळ फाइलमध्ये काय आहे ते. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्येही चालू नोंद बदलली गेली आहे का हे सांगणारा गुणधर्म आहे, जुनी किंमत देणारा गुणधर्म आहे, आणि नोंदीच्या कडेला पेन्सिलीची खूणसुद्धा उमटते. तीस वर्षांपूर्वी जे आयतं मिळत होतं ते आजच्या वेब फॉर्ममध्ये नसेल, तर ती तंत्राची मर्यादा नाही. ते करून घेतलेलं नाही, इतकंच.

कर्व्हॅल का लागत असे, तेही सांगायला हवं. गट ऑफिसात एकानं नोंद उघडली, मुख्य ऑफिसात दुसऱ्यानं तीच उघडली. एकानं क्षेत्र दुरुस्त केलं, दुसऱ्यानं खाते क्रमांक. जो मागाहून सेव्ह करतो त्याच्या पडद्यावरचं जुनं क्षेत्रही नव्यावर बसतं, आणि पहिल्याची दुरुस्ती पुसली जाते. इथे तर पहिल्यानं सेव्ह केलेलं होतं! त्याला काय म्हणणार? फक्त बदललेले रकाने लिहिले आणि लिहिण्याआधी मूळ नोंद मधल्या काळात हलली का ते बघितलं, तर हे टळतं. त्यासाठीही आधी कळावं लागतं ते हेच, की मी नेमकं काय बदललं.

आता ऑटोसेव्हवाल्यांकडे येतो. या वादातले खरे प्रतिपक्षी तेच आहेत आणि त्यांच्या बाजूनं मोठी नावं आहेत. अॅलन कूपर यांनी १९९५ च्या ‘अबाउट फेस’मध्ये सेव्ह करायचं का हा प्रश्नच माणसाला विचारू नये असं मांडलं; फाइल आणि डिस्क यांची आतली व्यवस्था माणसाच्या गळ्यात का मारता, हा त्यांचा सवाल. मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० च्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’मध्ये माणसाचं काम यंत्राच्या हातून कधीही नष्ट होता कामा नये, हे पहिलं तत्त्व मानलं. दोघांबद्दल मला आदर आहे. लेख, पत्र, चित्र यांच्या बाबतीत ते पूर्णपणे बरोबर आहेत.

पण ऊस नोंद हा लेख नाही, सातबारा हे पत्र नाही. अर्धा लिहिलेला लेख अर्धाच असतो, त्यानं कोणाचं नुकसान होत नाही. अर्धी बदललेली नोंद खोटी असते. खाते क्रमांक नवा टंकून झाला आणि आयएफएससी अजून जुन्या बँकेचा आहे, त्या क्षणी ऑटोसेव्ह झालं आणि बिलाची यादी बँकेला गेली, तर? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं. ते कुठे गेलं हे शोधण्यातच तेवढे दिवस जातात. नोंदीतलं सेव्ह म्हणजे ‘हे मी तपासलं, हे आता खरं धरा’ असं सांगणं आहे. ती कृती माणसाचीच राहिली पाहिजे.

महसुलाच्या नोंदींत तर कायदाच हे सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. एकदा बसलेली चूक काढायची तर कलम १५५ खाली अर्ज, संबंधितांना नोटीस, आदेश. पन्हाळ्याच्या तहसीलमध्ये अशा अर्जासाठी खेपा घालणाऱ्याला ‘फॉर्मनं आपोआप जतन केलं’ हे सांगून बघा. ई-फेरफारमध्येही तलाठ्यानं भरलेली नोंद लगेच सातबारावर चढत नाही. मधे नोटिशीचे पंधरा दिवस आहेत आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन आहे. भरणं वेगळं आणि कायम करणं वेगळं, ही जाण आपल्या महसुली कारभारात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. फॉर्म लिहिणाऱ्यांनी ती उचलावी.

रास्किन यांच्या चिंतेचं काय? तिचं उत्तर मसुद्यात आहे. टंकलेलं आपोआप साठवा, अवश्य साठवा, पण बाजूला, कच्चं म्हणून. वीज गेली, मुलगा उठून गेला, तरी परत आल्यावर फॉर्मनं सांगावं: या सभासदाची लागणीची तारीख तुम्ही बदलली होती, सेव्ह झालेली नाही, जुनी ही, नवी ही. मग ठेवायची की टाकायची ते माणूस ठरवेल. कष्ट वाया जात नाहीत आणि खोटी नोंदही होत नाही. ऑटोसेव्हचे समर्थक हा मधला मार्ग वगळून बोलतात, म्हणून त्यांचा युक्तिवाद जोरदार वाटतो.

वेब आणि मोबाइलचे फॉर्म करणाऱ्यांनी आणखी एक भ्रम सोडावा. पान बंद होताना ब्राउझर इशारा देतो, तो लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. फसव्या साइट्सनी त्या सोयीचा गैरवापर केल्यामुळे २०१६ च्या सुमारास क्रोम आणि फायरफॉक्सनं तिथे आपला मजकूर दाखवण्याची मुभा काढून घेतली. आता तिथे एक ठरीव वाक्य येतं. कोणता रकाना, कोणाची नोंद, काही सांगता येत नाही. मोबाइलवर अॅप वर ढकलून बंद केलं तर तो इशारा येईलच याची खात्रीही नाही. मसुदा जागच्या जागी साठवणं आणि नोंद बदलण्याआधी फॉर्मनं स्वतः अडवणं, याला दुसरा पर्याय नाही. जिथे नेटवर्क नसतं तिथे आणखी एक अवस्था येते: फोनमध्ये सेव्ह झालं, पण मुख्य डेटाबेसपर्यंत गेलं नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर पीक पाहणी करणाऱ्या शेतकऱ्याला हिरवी खूण दिसली म्हणजे काम झालं असंच तो समजणार. त्या खुणेला दोन वेगळे रंग हवेत, दोन वेगळे शब्द हवेत. पलीकडून पोच आल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये. एसएमएसच्या प्रयोगात पलीकडून उत्तर येत होतं, ते याचसाठी मोलाचं.

उरला खर्च. संस्थांना सांगतात की ही सोय हवी असेल तर वेगळे पैसे पडतील. फॉर्म नोंद उघडतो, दाखवतो, बदलू देतो आणि लिहितो. बदल हरवू न देणं हे त्या चौथ्या कामाच्या पोटातच आहे. काट्याबरोबर त्याची अचूकता वेगळ्या दरानं विकत मिळत नाही. ज्या कोटेशनमध्ये ही ओळ जादा म्हणून लावलेली असेल, ते कोटेशन परत पाठवावं.

आणि सॉफ्टवेअर ताब्यात घेताना संस्थेनं काउंटरवरच, खऱ्या यादीवर, हे करून बघावं. एक नोंद उघडा, काही न करता बंद करा: फॉर्म गप्प राहिला पाहिजे. एक उघडा, तारीख बदला, परत जुनी घाला, बंद करा: तरीही गप्प. क्षेत्राच्या रकान्यात ०.४० च्या जागी ०.४ टंका: गप्प. ज्याच्या नावात ऱ्ह किंवा ऱ्या आहे अशा सभासदाचं नाव दुसऱ्या कीबोर्डनं पुन्हा टंका: गप्प. आता लागणीची तारीख खरोखर बदला आणि सेव्ह न करता दुसऱ्या सभासदाचा नंबर टाका. फॉर्मनं अडवलं पाहिजे, आणि जुनी तारीख व नवी तारीख शेजारी शेजारी दाखवली पाहिजे. पुन्हा तारीख बदलून मधेच संगणकाचा प्लग काढा, चालू करा, मसुदा मागा. शेवटी दोन संगणकांवर एकच नोंद उघडून दोघांनी दोन वेगळे रकाने बदला आणि दोन्ही टिकतात का ते बघा. ही चाचणी चेअरमन किंवा सचिवांनी करू नये. दिवसभर त्या खुर्चीत बसणारी मुलगी किंवा मुलगा तिथे बसवावा, आणि त्यांची सही झाल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता मंजूर होऊ नये.